परदेशातील गुंतवणूक व मूळ प्रदेशातील रोजगार : नासिक विभाग

एखाद्या देशातील उद्योगसंस्था दुसऱ्या देशात नवा कारखाना उभारते, तेथील चालू कंपनी विकत घेते किंवा तिच्या भागभांडवलात व्यवस्थापनाचा अधिकार मिळेल इतका वाटा संपादन करते, तेव्हा त्या व्यवहारास परदेशातील थेट गुंतवणूक असे म्हणतात. मराठीत ‘परदेशी गुंतवणूक’ हा शब्दप्रयोग सामान्यतः बाहेरून आत येणाऱ्या भांडवलासाठी रूढ आहे. प्रस्तुत नोंदीत विचार केला आहे, तो आतून बाहेर जाणाऱ्या भांडवलाचा. भांडवल बाहेर गेले म्हणजे त्याबरोबर कामही बाहेर जाते काय, आणि गेल्यास ज्या गावातील कारखान्यावर ती कंपनी मोठी झाली, त्या गावातील कामगाराचे काय होते, हा या विषयातील मुख्य प्रश्न होय. महाराष्ट्रात या प्रश्नाचा अभ्यास करण्यास नासिक विभागाइतका सोयीचा प्रदेश क्वचितच आढळेल. कारण या विभागाने भांडवल घेणारा व भांडवल पाठविणारा अशा दोन्ही भूमिका अर्ध्या शतकाच्या अवधीत अनुभवल्या आहेत.

प्रश्नाचा उगम : हा वाद प्रथम धनिक राष्ट्रांत उपस्थित झाला. ब्रिटनमध्ये केंब्रिज विद्यापीठातील डब्ल्यू. बी. रेडवे यांनी १९६७ व १९६८ साली सादर केलेल्या अहवालांत परदेशातील गुंतवणुकीचे देशाच्या आंतरराष्ट्रीय देण्याघेण्यावर होणारे परिणाम तपासले होते. रोजगाराचा विचार त्यांत दुय्यम होता. अमेरिकेत मात्र रोजगार हाच वादाचा केंद्रबिंदू झाला. तेथील कामगार संघटनांच्या पाठिंब्याने सिनेटर व्हान्स हार्टके व प्रतिनिधी जेम्स बर्क यांनी १९७१ मध्ये एक विधेयक मांडले. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या परदेशातील उत्पन्नावर अधिक कर बसवावा आणि भांडवल व तंत्रविद्या यांच्या निर्यातीवर नियंत्रण असावे, असा त्याचा आशय होता. विधेयक संमत झाले नाही, पण त्या निमित्ताने झालेला वाद टिकून राहिला. जपानमध्ये १९८५ च्या प्लाझा करारानंतर येनचे मूल्य वाढले, कारखानदार आग्नेय आशियाकडे वळले आणि ‘उद्योगांचे पोकळीकरण’ असा शब्द तेथील वृत्तपत्रांत नित्याचा झाला.

अर्थशास्त्रज्ञांची उत्तरे एकमुखी नाहीत. रेमंड व्हर्नन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या वस्तु-जीवनचक्राच्या सिद्धांतानुसार नवी वस्तू प्रथम संशोधकाच्या देशात तयार होते. तिची घडण ठरून गेली व कृती सर्वांना माहीत झाली, की उत्पादन स्वस्त मजुरीच्या देशांत जाते. म्हणजे काम जाणारच. प्रश्न इतकाच, की त्याच्या जागी नवे काम येते किंवा नाही. याउलट देसाई, फोली व हाइन्झ यांनी अमेरिकन कंपन्यांविषयी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, परदेशातील गुंतवणूक १० टक्क्यांनी वाढली असता त्याच कंपनीची स्वदेशातील गुंतवणूक सु. २.६ टक्क्यांनी वाढते, असे आढळले. हॅरिसन व मॅकमिलन यांनी २०११ मध्ये याला एक महत्त्वाची पुस्ती जोडली. परदेशातील व स्वदेशातील कामगार एकाच प्रकारचे काम करीत असतील, तर स्वस्त मजुरीच्या देशातील रोजगार स्वदेशातील रोजगाराची जागा घेतो. कामे भिन्न असतील, तर दोन्हींकडचा रोजगार परस्परपूरक ठरतो. नासिकच्या अनुभवाचा उलगडा करण्यास हे सूत्र बरेच उपयोगी पडते; तथापि ते पुरेसे नाही, हेही पुढे दिसून येईल.

भारतीय नियम : भारतीय भांडवलाने देशाबाहेर जाणे ही अलीकडची गोष्ट नव्हे. १९६० च्या सुमारास बिर्ला समूहाने इथिओपियात कापड गिरणी उभारली. परकीय चलनाची तीव्र टंचाई असल्यामुळे शासनाने १९६९ मध्ये अशा उपक्रमांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. रोख रक्कम बाहेर नेण्यास सामान्यतः मनाई होती. भारतीय भागीदाराने आपला वाटा भारतात बनलेल्या नव्या यंत्रसामग्रीच्या रूपाने द्यावा आणि अल्पांश भागीदारीवर समाधान मानावे, अशी अपेक्षा होती. ही व्यवस्था पुढे जाचक म्हणून टीकेस पात्र ठरली. परंतु तिच्यातील एक गुण सहसा लक्षात घेतला जात नाही. बाहेर जाणारा प्रत्येक रुपया आधी देशातील एखाद्या यंत्रनिर्मितीच्या कारखान्यातून जात असे, त्यामुळे गुंतवणूक आणि स्वदेशातील रोजगार यांची सांगड नियमातच घातलेली होती. १९९२ नंतर ठरावीक मर्यादेपर्यंत रोख गुंतवणुकीस आपोआप मान्यता मिळू लागली. २००४ मध्ये ही मर्यादा कंपनीच्या नक्त मूल्याच्या १०० टक्के व २००७ मध्ये ४०० टक्के झाली. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरल्यावर ती पुन्हा १०० टक्क्यांवर आणण्यात आली आणि पुढच्या वर्षी पूर्ववत करण्यात आली. ऑगस्ट २०२२ मध्ये नवे नियम लागू झाले. सांगड मात्र १९९२ नंतर सुटली ती सुटलीच. कर्ज काढून परदेशी कंपन्या विकत घेण्याची जी लाट २००४ ते २००८ या काळात आली, तिचे मूळ या बदलात आहे.

नासिकचे औद्योगिक स्वरूप : नासिक शहर यात्रेचे, तांब्यापितळेच्या भांड्यांचे व द्राक्षांचे म्हणून प्रसिद्ध होते, सिन्नरला विड्यांचा धंदा होता. आधुनिक कारखानदारी आली ती १९६० नंतर. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने सातपूर व पुढे अंबड येथे औद्योगिक वसाहती वसविल्या. ओझर येथे १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना निघाला. मुंबई-आग्रा रस्ता, गंगापूर धरणाचे पाणी आणि मुंबईहून एका दिवसात जाऊन येता येईल इतके अंतर, या सोयींमुळे मुंबईच्या उद्योगपतींनी विस्तारासाठी नासिक निवडले. मुंबईत नवे कारखाने काढण्यावर शासनाने घातलेले निर्बंधही त्यास कारणीभूत झाले. नासिकचा औद्योगिक रोजगार हा अशा रीतीने प्रथमपासूनच दुसरीकडच्या भांडवलाचा रोजगार आहे. येथे कारखाना असलेल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालये मुंबईत, बंगळुरूत किंवा परदेशात आहेत. परदेशात गुंतवणूक करावयाची की नाही, याचा निर्णय नासिकला होत नाही. त्याचे परिणाम मात्र नासिकला भोगावे लागतात. म्हणूनच ‘मूळ प्रदेश’ ही संज्ञा येथे जपून वापरावी लागते.

प्रवासी सामानाचा उद्योग : या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण सूटकेस व बॅगांच्या धंद्यात मिळते. पिरामल कुटुंबाच्या कंपनीने व्हीआयपी या नावाने प्लॅस्टिकच्या सूटकेस १९७१ पासून बाजारात आणल्या आणि नासिक हे त्यांच्या उत्पादनाचे प्रमुख ठाणे झाले. पुढे सिन्नरलाही कारखाना निघाला. लोखंडी ट्रंक व होल्डॉल यांची जागा या साच्यातील सूटकेसने घेतली. लग्नाच्या याद्यांत तिचा समावेश होऊ लागला, यावरून तिच्या प्रसाराची कल्पना येईल. १९९० नंतर चाके लावलेल्या कापडी बॅगांना मागणी वाढली आणि धंद्याचे स्वरूप बदलले. साच्यातील सूटकेस हे यंत्राचे काम आहे : प्लॅस्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबावयाचे किंवा पॉलिकार्बोनेटचा पत्रा तापवून त्याला आकार द्यावयाचा, नंतर चाके, मूठ व कुलूप जोडावयाचे. साचा महाग, पण माणसे थोडी. कापडी बॅग हे शिवणकाम आहे. तिचे अनेक तुकडे कापून, अस्तर, चेन, पट्टे व कप्पे एकेक करून शिवावे लागतात. यंत्र स्वस्त, पण हात पुष्कळ लागतात. भारतीय कंपन्यांना हे शिवणकाम देशात परवडेना आणि कापडी बॅगा मोठ्या प्रमाणावर चीनमधून तयार येऊ लागल्या.

चीनमधील मजुरी वाढू लागल्यावर व्हीआयपीने बांगलादेशाकडे मोर्चा वळविला. नोव्हेंबर २०११ मध्ये भारताने दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली बांगलादेशातील जवळजवळ सर्व मालास जकातमुक्त प्रवेश दिला. केवळ २५ वस्तू वगळण्यात आल्या. कापडी बॅगेचे सर्व गणित या सवलतीने बदलले. त्यानंतर थोड्याच वर्षांत खुलना विभागातील मोंगला निर्यात प्रक्रिया क्षेत्रात कंपनीच्या उपकंपन्यांचे कारखाने सुरू झाले. तेथे प्रामुख्याने स्थानिक कामगारांकडून, त्यांतही स्त्रियांकडून, बॅगा शिवून घेऊन त्या भारतात आणल्या जाऊ लागल्या.

या गुंतवणुकीने नासिकचा रोजगार गेला काय? सकृद्दर्शनी तसे वाटते. परंतु मोंगला येथे गेलेले शिवणकाम त्यापूर्वी मुख्यतः चीनमध्ये होत होते. बांगलादेशातील कारखान्याने जागा घेतली, ती चिनी पुरवठादाराची. नासिक व सिन्नर येथील साचेकाम जागेवरच राहिले. इतकेच नव्हे, तर कापडी बॅगांत मिळालेल्या नफ्याचा आधार सबंध कंपनीला, पर्यायाने येथील कारखान्यांनाही, झाला. हॅरिसन व मॅकमिलन यांच्या सूत्राचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल : कामे भिन्न, म्हणून रोजगार परस्परपूरक.

तथापि या हिशेबात एक बाजू सुटते. गेले ते काम नव्हते, तर येऊ शकले असते ते काम. सिन्नर परिसरात विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या पिढ्या होऊन गेल्या. तो धंदा ओसरत असताना हाताच्या कौशल्यावर चालणारे दुसरे मोठे काम तेथे आले नाही. शिवणकामाचे कारखाने तेथे निघणे अशक्य होते असे नाही. मात्र मजुरीतील तफावत व जकातमुक्त प्रवेश यांमुळे ते हिशेबात बसले नाहीत. सांख्यिकीत अशा न आलेल्या रोजगाराची नोंद कोठेच होत नाही, त्यामुळे परदेशातील गुंतवणुकीचा ताळेबंद नेहमीच काहीसा उजळ दिसतो.

पुढील घटनाक्रम कंपनीच्या अपेक्षेप्रमाणे झाला नाही. २०२० मध्ये महासाथीमुळे प्रवासच थांबला. तो पुन्हा सुरू झाल्यावर ग्राहकांचा ओढा कठीण कवचाच्या सूटकेसकडे वळला. जानेवारी २०२३ च्या अखेरीस मोंगला येथील कारखान्याला आग लागली. २०२३-२४ मध्ये न खपलेल्या कापडी बॅगांचा साठा कंपनीला डोईजड झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात सत्तांतर होऊन अस्थैर्य निर्माण झाले आणि २०२४-२५ चे वर्ष कंपनीला तोट्याचे गेले. जुलै २०२५ मध्ये पिरामल कुटुंबाने कंपनीतील नियंत्रक वाटा एका गुंतवणूकदार गटास विकण्याचा करार केला. साचेकामाला मात्र या अवधीत मागणी वाढली. म्हणजे जे काम महाग म्हणून बाहेर ठेवले गेले, ते अडचणीत आले आणि जे मागे राहिले, त्याला बरे दिवस आले. यात दूरदृष्टी कोणाचीच नव्हती. फॅशन बदलली, एवढेच.

याच धंद्याची दुसरी बाजू नासिकजवळच इगतपुरी तालुक्यातील गोंदे येथे पाहावयास मिळते. अमेरिकेतील डेन्व्हर येथे जेसी श्वेडर याने १९१० मध्ये ट्रंका बनविण्याचा उद्योग सुरू केला. तीच पुढे सॅमसोनाइट कंपनी झाली. या कंपनीने गोंदे येथे कारखाना उभारला असून तो तिच्या कठीण कवचाच्या सूटकेसच्या महत्त्वाच्या केंद्रांपैकी एक आहे. डेन्व्हरचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला. डेन्व्हरचे काम उचलून गोंद्याला आणले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. गोंद्याचा कारखाना भारतीय बाजारपेठेसाठी निघाला होता आणि डेन्व्हरच्या उत्पादनाला उतरती कळा लागण्याची कारणे अनेक होती. तरीही डेन्व्हरच्या कामगाराने जगाच्या नकाशाकडे पाहिले असते, तर त्याला गोंदे दिसले असते, जसे सिन्नरच्या कामगाराला मोंगला दिसते.

मोटार उद्योग : महिंद्र अँड महिंद्र या कंपनीचा अनुभव वेगळ्या प्रकारचा आहे. तिच्या नासिक येथील कारखान्यावर शहरातील लघुउद्योगांचा फार मोठा भाग अवलंबून आहे. सातपूर व अंबड येथील शेकडो कार्यशाळांत तिच्यासाठी सुटे भाग बनतात. २००२ मध्ये आलेली स्कॉर्पिओ ही गाडी नासिक येथेच विकसित झाली व तेथेच तयार होऊ लागली. मार्च २०११ मध्ये महिंद्रने दक्षिण कोरियातील सांगयाँग मोटर कंपनीचे सु. ७० टक्के भागभांडवल सु. ४६ कोटी ३० लाख डॉलरना (त्या वेळच्या दराने सु. २,१०० कोटी रु.) विकत घेतले.

या कंपनीच्या कामगारांनी परकी मालकीचा कटू अनुभव आधीच घेतला होता. शांघायच्या मोटार कंपनीने ती घेतली, तेव्हा तंत्रविद्या चीनला नेली जाते, अशी कामगार संघटनेची तक्रार होती. २००९ मध्ये २,६४६ कामगारांच्या कपातीच्या प्रस्तावावरून प्योंगटेक येथील कारखाना कामगारांनी ७७ दिवस ताब्यात ठेवला होता. महिंद्रच्या मालकीत सांगयाँगने २०१५ मध्ये टिव्होली ही गाडी आणली. तिच्याच आराखड्यावर, लांबी चार मीटरच्या आत बसवून आणि महिंद्रची इंजिने घालून, एक्सयूव्ही ३०० ही गाडी भारतासाठी तयार करण्यात आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती बाजारात आली आणि तिचे उत्पादन नासिकला सुरू झाले. भारतीय करपद्धतीत चार मीटरहून कमी लांबीच्या गाडीस सवलत असल्यामुळे हा काटछाटीचा उद्योग करावा लागला, हे जाता जाता नमूद करावयास हवे.

गुंतवणूक म्हणून सांगयाँगचा व्यवहार फसला. एप्रिल २०२० मध्ये महिंद्रच्या संचालक मंडळाने तिच्यात नवे भांडवल घालण्यास नकार दिला. डिसेंबर २०२० मध्ये सांगयाँगने न्यायालयाकडे पुनर्वसनासाठी अर्ज केला आणि २०२२ मध्ये ती केजी या कोरियन समूहाकडे गेली. भागधारकांच्या दृष्टीने मोठा तोटा झाला. नासिकच्या दृष्टीने पाहता मात्र त्या बुडीत व्यवहारातून एक गाडी हाती राहिली. एक्सयूव्ही ३०० ची जागा एप्रिल २०२४ मध्ये तिच्याच वंशातील एक्सयूव्ही ३एक्सओ या गाडीने घेतली. गुंतवणुकीचे यश आणि रोजगारावरील परिणाम या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते, तितके कोणत्याही कोष्टकावरून होणार नाही.

परंतु रोजगाराची केवळ संख्या पाहून भागत नाही. स्कॉर्पिओच्या काळात आराखडा करणारे अभियंते नासिकला होते. २०१२ मध्ये कंपनीचे मोठे संशोधन केंद्र चेन्नईजवळ सुरू झाले आणि संशोधनाचे मुख्य काम तिकडे गेले. अमेरिकेतील मिशिगन राज्यातही कंपनीने तांत्रिक केंद्र उभारले. त्या केंद्राच्या व इटलीतील पिनिनफरिना या आराखडासंस्थेच्या साहाय्याने मराझ्झो ही गाडी तयार झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये तिचे अनावरण नासिकला झाले व उत्पादनही तेथेच झाले. जुळणीचे काम नासिकला राहिले, आखणीचे गेले. परदेशातील गुंतवणुकीमुळे साधे काम बाहेर जाते आणि बुद्धीचे काम मूळ प्रदेशात राहते, हा पाश्चात्त्य ग्रंथांतील सर्वसाधारण निष्कर्ष. येथे नेमके उलटे घडले. त्याला परदेशापेक्षा चेन्नई अधिक कारणीभूत आहे, हे विसरता येणार नाही. चाकण येथील महिंद्रचा नवा कारखाना, तसेच २००३ च्या करसवलतींमुळे उत्तराखंडात हरद्वार येथे उभे राहिलेले कारखाने लक्षात घेतले, तर नासिकची स्पर्धा मोंगला किंवा प्योंगटेक यांच्याइतकीच देशातल्या देशातही आहे.

विद्युत्‌ सामग्री : क्रॉम्प्टन ग्रीव्ह्‌ज या कंपनीचा स्विचगिअरचा मोठा कारखाना अंबड येथे आहे. २००५ मध्ये बेल्जियममधील पॉवेल्स, २००६ मध्ये हंगेरीतील गांझ आणि त्यानंतर आयर्लंड, फ्रान्स, अमेरिका, स्वीडन व स्पेन येथील कंपन्या तिने विकत घेतल्या. पॉवेल्स ही रोहित्रे बनविणारी कंपनी. क्रॉम्प्टनचे भारतातील रोहित्रांचे काम मुंबईत व मध्य प्रदेशात होत असल्यामुळे त्या खरेदीचा तांत्रिक लाभ झाला असेल, तर तो प्रामुख्याने तिकडे. तोट्याचा भार मात्र सबंध कंपनीवर पडला. यूरोपातील व्यवसाय बिघडत गेला, कंपनीने काही भाग विकून टाकले, २०१९ मध्ये आर्थिक व्यवहारांतील गंभीर अनियमितता उघडकीस आल्या आणि नोव्हेंबर २०२० मध्ये मुरुगप्पा समूहातील ट्यूब इन्व्हेस्टमेंट्‌स या कंपनीने ती ताब्यात घेतली. अंबडचा कारखाना चालू राहिला.

जळगावचे उदाहरण : वरील कंपन्यांची सूत्रे मुंबईत हलतात. जैन इरिगेशन ही मात्र अक्षरशः जळगावची कंपनी आहे. भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये घासलेटच्या विक्रीपासून सुरुवात करून पीव्हीसी नळ, ठिबक सिंचन, केळीची ऊतिसंवर्धित रोपे आणि कांद्याचे निर्जलीकरण असा व्याप उभा केला. येथे भांडवल, निर्णय व कामगार तिन्ही एकाच जिल्ह्यातील असल्यामुळे ‘मूळ प्रदेश’ ही संज्ञा पूर्णपणे लागू पडते. २००६ मध्ये कंपनीने अमेरिकेतील चॅपिन वॉटरमॅटिक्स व कांदा वाळविणारी कॅस्केड स्पेशालिटीज या कंपन्या घेतल्या. २००७ मध्ये इस्राएलमधील नानदान या ठिबक क्षेत्रातील नामांकित कंपनीत निम्मा वाटा घेतला आणि २०१२ मध्ये ती पूर्णपणे ताब्यात आणली. २०१० मध्ये इंग्लंडमधील एक अन्नपदार्थ कंपनीही समूहात आली.

या खरेद्यांनी जळगावचे काम कमी केले नाही. ठिबकच्या नळ्या आकारमानाने अवजड असल्याने त्या बाजारपेठेजवळच काढाव्या लागतात, आणि ओरेगनमधला कांदा ओरेगनमध्येच वाळवावा लागतो. त्याने खानदेशातील पांढऱ्या कांद्याची जागा घेतली नाही. उलट, नानदानचे तंत्र व जगभरचे ग्राहक जळगावच्या हाती आले. धोका आला, तो कर्जाच्या वाटेने. परदेशातील खरेदी व देशातील विस्तार यांसाठी काढलेली कर्जे, शासनाकडून मिळावयाच्या ठिबक अनुदानाची वर्षानुवर्षे थकलेली बाकी आणि २०१८ नंतर आटलेला बँकांचा पतपुरवठा अशी कारणे एकत्र आली आणि २०१९ मध्ये कंपनी हप्ते चुकविण्याच्या स्थितीस पोचली. एकट्या परदेशातील गुंतवणुकीवर याचे खापर फोडणे न्याय्य नाही. देशातील येणी वेळेवर मिळाली असती, तर कदाचित हे संकट टळले असते. खेळते भांडवल नसेल, तर कच्चा माल येत नाही, आणि कच्चा माल नसेल, तर यंत्र चालू असूनही पाळ्या कमी होतात. परदेशातील निर्णयाचा मूळ गावावर होणारा परिणाम बहुधा असा खेळत्या भांडवलाच्या टंचाईतून पोचतो. त्याची झळ कामगारांप्रमाणेच पुरवठादार, विक्रेते व करारशेती करणारे शेतकरी यांनाही बसते. मार्च २०२२ मध्ये कर्जांची पुनर्रचना झाली. मार्च २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन करून जैन इरिगेशनने तिच्यात अल्पांश वाटा ठेवला आणि त्या व्यवहारातून कर्जाचा मोठा भाग उतरविला. जळगावचे कारखाने वाचविण्यासाठी परदेशातील मालकी सोडावी लागली.

जर्मनीच्या बाजूने : सातपूर येथील मायको, म्हणजे आजची बॉश, हा कारखाना १९७० च्या सुमारास डीझेल इंजिनांची नोझले व इंजेक्टर बनविण्यासाठी निघाला. नासिकमधील तंत्रकुशल कामगारांच्या दोन पिढ्या तेथे घडल्या; आयटीआय झालेल्या मुलाला मायकोत काम लागणे ही त्या काळी घरातील मोठी घटना असे. याच प्रकारची कामे जर्मनीत बांबर्ग व होम्बुर्ख येथे होतात. सूत्राप्रमाणे दोन्हींकडचे कामगार परस्परांचे स्पर्धक ठरावेत. पण २०१५ नंतर यूरोपात डीझेलची प्रतिष्ठा घसरली, आणि एप्रिल २०२० मध्ये भारतात भारत स्टेज ६ हे प्रदूषणनियम लागू झाल्यावर जुन्या प्रकारच्या इंजेक्टरांची मागणी येथेही आटली. सप्टेंबर २०२५ मध्ये बॉशने आपल्या वाहनविभागात सु. १३,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. त्यांतील बहुतेक जर्मनीतील आहेत. जर्मनीतील कामगार संघटना स्वस्त मजुरीच्या देशांकडे बोट दाखवितात. त्या देशांपैकी एका देशातील सातपूरच्या कामगारालाही त्याच तांत्रिक बदलाने ग्रासले आहे, ही वस्तुस्थिती दोन्हींकडच्या वादविवादात क्वचितच उच्चारली जाते.

मापनातील अडचणी : भारतीय रिझर्व्ह बँक परदेशात गुंतवणूक करणाऱ्या कंपन्यांची यादी दरमहा प्रसिद्ध करते. तीत कंपनीचे नाव, देश, व्यवसाय व रक्कम असते; कंपनीचा कारखाना कोणत्या जिल्ह्यात आहे, हे नसते. दुसरीकडे उद्योगांच्या वार्षिक पाहणीत कारखान्यांतील रोजगार मिळतो, पण त्या कारखान्याच्या मालकाची परदेशात उपकंपनी आहे किंवा नाही, हे कळत नाही. या दोन माहितीसाठ्यांची जोडणी झाल्याशिवाय एखाद्या जिल्ह्याचा ताळेबंद मांडता येणार नाही. त्यातच कंत्राटी कामगारांचा प्रश्न आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कायम कामगारांच्या जोडीला कंत्राटदारांमार्फत येणारे, शिकाऊ व हंगामी कामगार मोठ्या संख्येने असतात. मागणी घटली, की प्रथम यांची संख्या कमी होते. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नसल्यामुळे कपात झाल्याची नोंदही होत नाही. महिनाअखेरीस कंत्राटदाराच्या वहीतील एक ओळ काय ती कमी होते.